पोलादवाला सिनेटर: स्टुअर्ट सिमिंग्टन

कट्ट्यावरचा वाचक (धागाकर्ता):
'सिमिंग्टन दुरुस्ती' (आंतरराष्ट्रीय देखरेखीशिवाय युरेनियम समृद्ध करण्याची सामग्री घेणाऱ्या देशाची अमेरिकी मदत बंद करणारा कायदा) आपण ऐकलेली असते ती पाकिस्तानच्या अणुबॉम्बमुळे. ती आणणारा माणूस मुळात कारखानदार. १९३५ मध्ये बाल्टिमोरच्या रस्टलेस आयर्न अँड स्टील या स्टेनलेस स्टीलच्या कंपनीचा अध्यक्ष, १९३८ पासून सेंट लुईसच्या इमर्सन इलेक्ट्रिकचा. १९४७ मध्ये अमेरिकेचा पहिला हवाईदल मंत्री. हवाईदलाला पुरेसा पैसा मिळत नाही म्हणून १९५० मध्ये पद सोडलं. पुढे १९५३ ते १९७६ मिझुरीचा सिनेटर. व्हिएतनाम युद्धाचा आधी समर्थक, मग उघड विरोधक. माझ्या मते ही कारखानदाराची सवय: माल खपत नसेल तर भट्टी बंद करायची.

तिरकस:
भट्टी कुठली बंद? महायुद्धात इमर्सनने बॉम्बर विमानांवरचे मशीनगनचे टरेट (फिरते बुरूज) बनवले. मग साहेब मंत्री होऊन बॉम्बर मागतात, सिनेटर होऊन रशिया क्षेपणास्त्रांत पुढे गेल्याची आवई उठवतात. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारीही मागून झाली. १९६१ पर्यंत उपग्रहांच्या फोटोंतून कळलं, पुढे अमेरिकाच होती. लांडगा आला रे आला!

माईसाहेब:
तिरकसराव, अर्धीच गोष्ट सांगताय. याच इमर्सनमध्ये युनियनचा पुढारी कम्युनिस्ट होता, विल्यम सेंटनर. सिमिंग्टननी त्याच्याशी बसून समझोता केला, कामगारांना नफ्यात वाटा दिला. १९५४ च्या सिनेट सुनावणीत, ज्याला-त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थीला तोंडावर सुनावणाऱ्यांत हेच होते. हवाईदलातला काळा-गोरा भेदही यांच्याच काळात मोडायला लागला. (आमच्या ह्यांच्या कंपनीत युनियनवाल्याला चहासुद्धा विचारत नसत.)

तिरकस:
मॅकार्थीचं मान्य. पण ती दुरुस्ती? एप्रिल १९७९ मध्ये कार्टरनी तिच्या जोरावर पाकिस्तानची मदत थांबवली. डिसेंबरात रशिया अफगाणिस्तानात घुसला आणि १९८१ मध्ये रेगन सरकारने सहा वर्षांसाठी ३.२ अब्ज डॉलर देऊ केले. कहूटाचा युरेनियम समृद्ध करणारा पाकिस्तानी कारखाना चालूच. कागदी वाघ.

धागाकर्ता:
त्याचं खापर त्यांच्यावर कशाला? १९७६ च्या शेवटी ते निवृत्त झाले होते. मूळ कायद्यात सूट द्यायची तर बॉम्ब न बनवण्याची खात्रीलायक हमी लागायची. ती अट पाकिस्तानसाठी बाजूला सारली १९८१ च्या काँग्रेसने.

माईसाहेब:
+१. तिरकसराव, आता रेगनवर धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने.