मदत हवी आहे : भावाच्या डीबीएसच्या सेटिंग्ज समजून घ्यायच्या आहेत

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. धाकट्या भावाच्या फिट्स औषधांना दाद देईनात, म्हणून डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तारा घालून विजेचे बारीक पल्स देणारं यंत्र) बसवलंय. मेंदूतल्या थॅलॅमस या भागात दोन्ही बाजूंना लीड (तारा), छातीत कातडीखाली बॅटरी.

फाइलमध्ये लिहिलंय : १४५ हर्ट्झ, ९० मायक्रोसेकंद, १ मिनिट चालू, ५ मिनिटं बंद. म्हणजे सेकंदाला १४५ पल्स, प्रत्येक पल्स ९० मायक्रोसेकंदांचा, इथवर गाडी आली. पण पुढे ‘केस पॉझिटिव्ह, २ निगेटिव्ह’. केस म्हणजे छातीतली बॅटरीच ना? आणि २ हा लीडवरच्या टोकाचा नंबर? दर वेळी इम्पीडन्स (तारेतून करंट जायला होणारा अडथळा) तपासतात, तो जास्त आला तर तार तुटली असंच समजायचं का? ओपीडीत मागे एवढी रांग असते की विचारायला तोंडच उघडत नाही.

खरी काळजी वेगळीच. मागच्या वेळी करंट वाढवल्यापासून त्याची झोप उडालीय, चिडचिडही वाढलीय. रात्रीपुरता करंट कमी ठेवणारा वेगळा ग्रुप (सेटिंग्जचा संच) कुणी डॉक्टरांकडून लावून घेतलाय का? फिट्स वाढल्या का त्याने? रिमोटला आम्ही आपणहून हात लावणार नाही, पुढच्या अपॉइंटमेंटला नेमकं काय विचारायचं तेवढं सांगा. आणि कृपा करून काढे सुचवू नका, ते घरातल्या काकू सुचवतातच.