मुलाखतीची तयारी : आपापले अनुभव लिहावेत

महाविद्यालयात शिकत असताना दिलेल्या नोकरीच्या मुलाखतींचे अनुभव या धाग्यात एकत्र करावेत, अशी कल्पना आहे. ‘आत्मविश्वास बाळगा’, ‘हसतमुख राहा’ अशा सूचना कुठेही मिळतात, त्यामुळे त्या इथे नकोत. कोणता प्रश्न आला, तुम्ही काय उत्तर दिले आणि त्यानंतर तयारीची पद्धत कशी बदलली, एवढे प्रांजळपणे लिहावे. सुरुवात मीच करतो.

संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात आम्ही चौघांनी मिळून ग्रंथालयातील पुस्तके शोधण्याची एक प्रणाली तयार केली होती आणि माझ्या बायोडेटामध्ये तिचा उल्लेख सर्वांत वर, ठळक अक्षरांत होता. पहिलाच प्रश्न आला, ‘‘यात तुम्ही स्वतः काय केले?’’ मी ‘आम्ही’ने सुरू होणारी चार वाक्ये बोललो. क्रमाने लावलेल्या यादीतली मधली नोंद पाहून निम्मा भाग वगळत जाण्याच्या पद्धतीला बायनरी सर्च म्हणतात, ती आम्ही वापरली होती. मग विचारले गेले, ‘‘बायनरी सर्च का वापरला?’’ मी म्हणालो, ‘‘जलद असतो म्हणून.’’ ‘‘किती जलद? यादीत 10 लाख नोंदी असतील, तर जास्तीत जास्त किती तुलना कराव्या लागतील?’’ प्रत्येक तुलनेनंतर शोधायचा भाग निम्मा होतो आणि 2 चा 20 वा घात 10,48,576, म्हणजे 10 लाखांच्या थोडा वर येतो. तेव्हा 20 तुलना पुरतात. हे गणित परतीच्या वाटेवर अर्ध्या मिनिटात सुटले, तिथे मात्र ‘‘फार कमी’’ यापलीकडे माझी मजल गेली नाही. खरी पंचाईत पुढेच होती. ‘‘तुमची यादी पुस्तकाच्या नावाप्रमाणे लावलेली आहे, मग लेखकाच्या नावाने शोध कसा चालतो?’’ पुस्तकाच्या नावाप्रमाणे लावलेल्या यादीत लेखक शोधायला ही पद्धत कामाची नसते, त्यासाठी वेगळी सूची तयार ठेवावी लागते, आणि ती माझ्या मित्राने केली होती. वर्षभरात मी ती फाइल एकदाही उघडून पाहिली नव्हती.

त्या रात्री बायोडेटाची छापील प्रत समोर घेऊन प्रत्येक ओळीखाली चार प्रश्न लिहिले : हे का केले, दुसरा कोणता मार्ग होता, काय बिघडले आणि यातले माझ्या हातचे किती. दोन ओळींखाली काहीच लिहिता येईना, म्हणून त्या सरळ खोडल्या. बायोडेटा एका पानाचा पाऊण पान झाला आणि पुढच्या मुलाखतीला जाताना मला त्याची भीती वाटली नाही.

• वाणिज्य शाखा, तिसरे वर्ष

माझी चूक नेमकी उलटी होती. ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे तीन मिनिटांचे उत्तर मी शब्दन्‌शब्द पाठ केले होते. दुसऱ्या वाक्यालाच समोरच्या बाईंनी मध्येच काहीतरी विचारले, मी त्याचे उत्तर दिले, आणि नंतर सोडलेला धागा काही केल्या सापडेना. शेवटी मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली, हे लिहिताना आजही ओशाळल्यासारखे होते. आता मी वाक्ये पाठ करत नाही. पाच शब्द लक्षात ठेवते आणि ते कोणत्याही क्रमाने घेऊन बोलता येतात का, हे पाहते.

• मानसशास्त्र, पदव्युत्तर प्रथम वर्ष

वरील अनुभवाला जोडून लिहितो. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांचा 2006 मधला एक प्रयोग आम्हाला अभ्यासाला होता. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले (81 विरुद्ध 75 टक्के), पण आठवड्याने चित्र पालटले : आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के मजकूर आठवत होता, नुसते वाचणाऱ्यांना 42 टक्के. हे परीक्षेत व्यवस्थित लिहून गुण मिळवलेला मी मुलाखतीची तयारी मात्र टिपणे पुन्हापुन्हा वाचूनच करत होतो! वाचताना सगळे येते असे वाटते, आणि घात होतो तो तिथेच.

त्यानंतर मैत्रिणीला प्रश्न विचारायला बसवले. ती ‘छान, छान’ म्हणत राहिली, त्यामुळे फार उपयोग झाला नाही. मग उत्तरे फोनवर ध्वनिमुद्रित केली. सहा मिनिटांत मी 37 वेळा ‘म्हणजे’ म्हटले होते आणि जिथे विषय कच्चा होता, तिथेच त्यांची दाटी होती. कुठे अभ्यास करायचा, हे मला त्या ‘म्हणजे’ने दाखवले.

• भौतिकशास्त्र, अंतिम वर्ष

ध्वनीचा हवेतील वेग विचारला गेला. 1921 मध्ये एडिसन यांनी उमेदवारांसाठी तयार केलेली सामान्यज्ञानाची प्रश्नावली गाजत असताना आइन्स्टाइन यांनाही हाच प्रश्न विचारला गेला होता आणि पुस्तकात सापडणारी माहिती आपण डोक्यात ठेवत नाही, असे त्यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. परंतु असे उत्तर पचायला आइन्स्टाइन असावे लागते. मला आकडा आठवत नव्हता, तसे मी सांगितले, आणि वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत साधारण तीन सेकंद गेले, तर ती एक किलोमीटर दूर असते, हा लहानपणचा ठोकताळा मोठ्याने मांडला. 1000 भागिले 3, म्हणजे सेकंदाला सुमारे 330 मीटर. 20 अंश सेल्सिअसला तो 343 असतो, त्यामुळे मी फार लांब नव्हतो. पुढची दहा मिनिटे तापमानाने हा वेग का बदलतो, यावर गेली, आणि तो भाग मला येत होता.

• वाङ्मय, तिसरे वर्ष

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे बरे असते, त्यांना निदान आकडे विचारतात. मला ‘तुमची उणीव कोणती?’ असे विचारले आणि मी ‘मला प्रत्येक काम परिपूर्णच हवे असते’ हे ठेवणीतले उत्तर दिले. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘सकाळपासून हे ऐकण्याची ही चौथी वेळ.’’

परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने प्रसंग सांगावा, असे शिकवले जाते. ही चौकट उपयोगी आहे, परंतु सगळे प्रसंग विजयातच संपवले की ते बनावट वाटू लागतात, असे माझे मत आहे. पुढच्या वेळी मी नियतकालिकाच्या संपादनाचा प्रसंग सांगितला. सगळी मुद्रिते मीच तपासण्याचा हट्ट धरल्यामुळे अंक नऊ दिवस उशिरा निघाला होता. पुढच्या अंकाची मुद्रिते मी तिघांत वाटली, पण दुसऱ्याने तपासलेले पान पुन्हा चोरून वाचण्याची सवय अजून गेलेली नाही, हेही सांगितले. त्यावर बराच वेळ बोलणे झाले.

• माजी विद्यार्थिनी, आता मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला

टेबलाच्या पलीकडून एक गोष्ट सांगते. अनेक ठिकाणी सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला लगेच गुण दिले जातात. त्याला कारण आहे. श्मिट आणि हंटर या संशोधकांच्या 1998 मधील आढाव्यात अशा आखीव मुलाखतीचा पुढील कामगिरीशी सहसंबंध (0 म्हणजे काहीच मेळ नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ) 0.51, तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा 0.38 निघाला होता, 2022 मधील फेरमांडणीत दोन्ही आकडे खाली आले (0.42 आणि 0.19), तरी क्रम तोच राहिला. त्यामुळे मी मान खाली घालून लिहीत असेन, तर ‘संपले सगळे’ असे समजून आवाज खाली आणू नका. मी तुमचेच वाक्य टिपून घेत असते, आणि पुटपुटलेले वाक्य टिपता येत नाही.

• यंत्र अभियांत्रिकी

ऑनलाइन मुलाखतीत पडद्याच्या कडेला टिपणे चिकटवू नयेत. डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना समोर स्पष्ट दिसतात. मला तसे ऐकवले गेले.

• अर्थशास्त्र, अंतिम वर्ष

‘‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’’ याला पहिल्या दोन मुलाखतींत मी ‘‘नाही’’ म्हणाले, कारण लवकर बाहेर पडायचे होते. तिसऱ्या वेळी जाहिरात पुन्हा नीट वाचली. पद ‘विश्लेषक’ असे होते, पण कामाच्या यादीत विश्लेषणाची एकच ओळ होती. म्हणून विचारले, ‘‘रुजू झालेल्या व्यक्तीचा पहिल्या सहा महिन्यांतला साधारण दिवस कसा असतो?’’ त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले : सकाळी ग्राहकांना फोन, दुपारी ग्राहकांना फोन आणि महिनाअखेरीस एक तक्ता. निवड झाल्याचे पत्र आठवड्याने आले. मी नकार कळवला आणि चौथ्या मुलाखतीच्या तयारीला लागले. या वेळी जाहिरातीपासून सुरुवात केली.