जीसीसी (सी, फोर्ट्रान वगैरे भाषांचा कंपायलर): छोट्या पॅचसाठी, म्हणजे कोडमधल्या बदलासाठी, पूर्ण टेस्टसूट (सगळ्या टेस्टचा संच) चालवायचा का?

गरजेपुरतं: मिडल-एंडमध्ये (कंपायलरच्या सगळ्या भाषांना सामाईक अशा मधल्या भागात) दहा ओळी बदलल्या तरी तीन स्टेजचा बूटस्ट्रॅप (कंपायलर टप्प्याटप्प्याने स्वतःच्याच मदतीने बांधणं), मग पूर्ण टेस्टसूट, तोही पॅचशिवाय एकदा आणि पॅचसकट एकदा. हे अति आहे. टेस्ट चालवणाऱ्या 'मेक चेक-जीसीसी' कमांडला रनटेस्टफ्लॅग्जमध्ये 'डीजी.एक्स्प=पीआर*.सी' (टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट आणि हव्या त्या फाइलींची नावं) द्या, संबंधित टेस्ट तेवढ्या चालतील. बाकीचं ऑटोटेस्टर (आपोआप टेस्ट चालवणारी मशिन्स) बघतील.

स्टेज तीन: "संबंधित" कोणत्या, हे ठरवणार कोण? डीजी.एक्स्पमध्ये टेस्ट फाइलीत लिहिलेल्या ऑप्शननेच चालते. सी-टॉर्चर या संचातल्या एक्झिक्यूट टेस्ट (प्रोग्रॅम चालवून बघणाऱ्या) ओ-शून्यपासून ओ-तीन, ओ-एस, एलटीओपर्यंत वेगवेगळ्या ऑप्टिमायझेशन ऑप्शनवर फिरतात. मिडल-एंडच्या चुका नेमक्या तिथे सापडतात. आणि तुमच्या बदलाने फोर्ट्रान कोसळलं, तर सीच्या टेस्ट कशा ओरडतील?

गरजेपुरतं: बरं, पॅचसकट पूर्ण चालवू. पण पॅचशिवायचा रन कशाला? लोक मेलिंग लिस्टवर निकाल टाकतातच, त्यांच्याशी जुळवा.

हिरवा बिल्ड: एलएलव्हीएममध्ये (दुसऱ्या कंपायलर प्रकल्पात) ही भानगडच नाही. तिथली सगळ्या टेस्टची कमांड 'निंजा चेक-ऑल' हिरवी, म्हणजे सगळं पास, असणं अपेक्षित, फेल आला की आधी तुमच्यावर संशय. फक्त एलएलव्हीएम-लिट (टेस्ट चालवणारं साधन) थेट चालवू नका. ते काही बिल्ड करत नाही, जुनंच बायनरी तपासून पास दाखवतं.

स्टेज तीन: जीसीसीत ठरलेले फेल कायम असतात, म्हणून तर तुलना लागते. परक्याचे निकाल चालत नाहीत: बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर) वेगळं, जीडीबी (डीबगर) वेगळं. ग्वालिटीच्या (डीबग माहिती तपासणाऱ्या) टेस्ट जीडीबीची आवृत्ती बदलली तरी उलटतात.

एकाच कमिटवरून (कोडच्या एकाच नोंदवलेल्या अवस्थेवरून) दोन गिट वर्कट्री (सोर्सच्या वेगळ्या प्रती) काढा, एकात पॅच लावा. एकच सोर्स ठेवून दोन बिल्ड केलेत तर फसाल, कारण टेस्ट सोर्समधून वाचल्या जातात. दोन्हीकडे 'मेक -के -जे८ चेक'. '-के' विसरलात की पहिल्या अपयशी डिरेक्टरीपाशी मेक थांबतो. शेवटी जीसीसीच्या कॉन्ट्रिब डिरेक्टरीतली 'कम्पेअर_टेस्ट्स' स्क्रिप्ट दोन्ही बिल्ड डिरेक्टऱ्यांवर चालवा. फेलइतकेच गायब झालेल्या टेस्टकडे बघा. डेजाग्नू (टेस्ट चालवणारी यंत्रणा) बसवलेलंच नसेल तर एकही टेस्ट चालत नाही, आणि फेल शून्य पाहून माणूस खूश होतो!

गरजेपुरतं: वर्कट्रीचं पटलं. पण एका कमिटचा बेसलाइन (पॅचशिवायचा) रन त्यावर बेतलेल्या पुढच्या चार पॅचना पुरतो, एवढं तरी मान्य करा.

स्टेज तीन: चारही त्याच कमिटवर असतील तर. रीबेस केलात, म्हणजे पॅच दुसऱ्या कमिटवर हलवलेत, की नवा बेसलाइन.