दौलताबाद घाटात ३४/२८ वर पण कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ५० ला येतो, कॅसेट बदलू का क्रँक?

खडीचा_रस्ता:
नमस्कार मंडळी, मी संभाजीनगरचा, वय ४१, वजन ८० च्या आसपास. शिमानो क्लॅरिसची ८ स्पीड रोड बाईक आहे, ११ किलोची, पुढे क्रँकला ५० आणि ३४ दातांच्या दोन रिंगा (५०/३४), मागे कॅसेटला, म्हणजे दातऱ्यांच्या गठ्ठ्याला, ११ ते २८ दात (११-२८). सपाटीला काही तक्रार नाही, पैठण रोडला सकाळी वारं सुटायच्या आत ८५ च्या कॅडन्सने मस्त चालते. घोळ दौलताबादला होतो. दिल्ली दरवाज्यात नेहमीप्रमाणे एखादी ट्रॅव्हल्स अडकलेली असते, पाय टेकवावा लागतो आणि तिथून पुढे घाट सुरू, म्हणजे शून्यातून चढायचं. मधला चढ आला की सगळ्यात हलक्या गिअरला पण कॅडन्स ५० वर, खुलताबादला पोचेपर्यंत गुडघ्याच्या वर जळजळ. पावसाळ्यात म्हैसमाळ करायचंय. दुकानवाला म्हणतो पुढे ५२/३६ टाका, स्पीड वाढेल. मित्र म्हणतो गिअरचं काही नसतं, पायात दम नाही तुझ्या. नक्की काय करू?

घाटवेडा:
दादा पहिलं म्हणजे ५२/३६ डोक्यातून काढा. तुमच्या आत्ताच्या ५०/११ ला ९० कॅडन्सने ५१ चा स्पीड निघतो, तो पैठण रोडला कोण मारतंय? घाट उतरताना लागेल तर तिथं हात ब्रेकवरच असतो.
आता घाटाचं बघू. ३४ ला २८ ने भागलं की १.२१, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वा वेळा पण फिरत नाही. २५ मिमीच्या टायरला चाकाच्या एका फेऱ्यात २.१ मीटर धरा, ५० कॅडन्सला स्पीड येतो साधारण ७.७. चढ ८ टक्के धरला तर तुम्ही अधिक सायकल मिळून ९१ किलो त्या स्पीडने वर न्यायला १६५ वॅटच्या आसपास लागतात. याच गिअरला ८० कॅडन्स पाहिजे असेल तर स्पीड १२ च्या वर न्यावा लागेल आणि त्याला २७० च्या घरात वॅट. आपल्यासारखी नोकरी करून चालवणारी माणसं २७० वॅट दहा मिनिटं पण धरत नाहीत हो. त्यामुळे मित्र म्हणतो ते अर्धच खरं, दम वाढवा जरूर, पण हा गिअर तुमच्या वजनाला आणि त्या चढाला जडच आहे. आणि दुकानवाल्याच्या ३६/२८ ला तोच स्पीड धरला तर कॅडन्स ४७ वर जाईल, उलट्या दिशेने.
मागे ३२ टाकली तर तेवढ्याच वॅटमधे कॅडन्स ५७, ३४ टाकली तर ६१. बस एवढाच फरक पडतो, आधीच सांगतो, नाहीतर कॅसेट बदलून पण ८५ कामून येत नाही म्हणून इथंच धागा काढाल. घाटात ८५ चा हट्ट सोडा, ६० ते ७० मधे बसून चढता आलं तरी गुडघ्याला बरं.

लातूरचा_वारा:
घाटवेड्याचं गणित बरोबर पण तुम्ही घाटवाले सपाटीचा विचारच करत नाही. ८ स्पीडला आधीच दातऱ्या कमी, त्या ताणून ३२ पर्यंत नेल्या की मधे भोकं पडतात. ११-२८ मधे ११-१३-१५-१७-१९-२१-२४-२८ असतं, ११-३२ मधे ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२. म्हणजे १७ आणि १९ गेले, जे आपण सपाटीला दिवसभर वापरतो तेच. ५०/१९ ला ८५ ने २८ चा स्पीड मिळतो, नव्या कॅसेटला १८ वर ३० आणि २१ वर साडेपंचवीस, मधे काहीच नाही. जून-जुलैत जालना रोडने परत येताना पश्चिमेचं वारं तोंडावर घेऊन बघा म्हणजे कळेल, एक गिअर जड आणि दुसऱ्यात पाय नुसते फिरतात. माझ्याकडं १२-२५ आहे, इकडं काळ्या रानातनं सरळ रस्ते, चढ म्हणजे फ्लायओव्हर, मला तेच गोड लागतं. महिन्यातनं एकदा घाट करणाऱ्यानं रोजची सायकल का बिघडवायची?

घाटवेडा:
लातूरकर मुद्दा मान्य आहे, पण त्याला तोड आहे. ३४/१३ आणि ५०/१९ जवळजवळ एकच गिअर आहे, २.६२ आणि २.६३. वारं तोंडावर असताना पुढे ३४ वर यायचं, मागे १३ नाहीतर १५, झालं. चेन थोडी तिरकी चालते, आवाज करते, पण तासभर चालवल्याने काही तुटत नाही. लोक छोट्या रिंगला सपाटीवर हात लावायला लाजतात कशाला काय माहीत.

बीडचा_गडी:
आमी मांजरसुंब्याच्या घाटात ११-२८ वरच चढायलो भाऊ, पण माझं वजन ५८ हाय 😄 त्यामुळं माझं ऐकू नका. एक सांगतो, चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करून ठेवा, लोड आल्यावर पुढची रिंग बदलायला गेलं की चेन खाली पडती आणि मागून ट्रक. दरवाज्यात थांबता ना, तर थांबायच्या आधीच ३४ वर आणि मागं २४ ला येऊन थांबा, पयल्याच पायडलला निघती गाडी. अन् मधी मधी उठून उभं रहायचं, उभं राहताना एक गिअर जड करायचा, कंबर मोकळी होती. कन्नडच्या औट्रम घाटाला गेलात तर ध्यानात ठेवा, तिकडं जाताना उतार असतो, चढ परतताना भेटतो तवा पाय संपलेले असतात. आजिंठ्याचं पण तसंच, फर्दापूरला उतरताना लई मजा.

ग्रीसचे_हात:
कॅसेट घ्यायच्या आधी मागचा डिरेलर (चेन एका दातरीवरून दुसरीवर नेणारा भाग) बघा, कोणी सांगितलंच नाही अजून. त्याच्या आतल्या बाजूला कोड असतो, शेवटी एसएस म्हणजे छोटा केज (डिरेलरची खाली लोंबणारी दांडी), जीएस म्हणजे त्याहून लांब. छोटा असेल तर ३२ चा नाद सोडा. हिशोब असा, पुढचा फरक ५०-३४ म्हणजे १६, मागचा ३२-११ म्हणजे २१, बेरीज ३७. ११-२८ ला हीच बेरीज ३३ होती. तेवढी ढील चेन डिरेलरला गुंडाळता आली पाहिजे, आणि मोठ्यात मोठी दातरी किती झेपते तो आकडा वेगळा, मॉडेलप्रमाणे शिमानोच्या कागदात बघायचा, अंदाजाने नाही.
जुनी चेन बहुतेक आखूड पडेल. पुढे ५० मागे ३२ वर डिरेलरमधून न घालता चेन गुंडाळायची आणि दोन कड्या जास्तीच्या ठेवून तोडायची. काही मेकॅनिक जुनीच चेन ठेवतात, मग चुकून मोठ्यावर मोठं पडलं की डिरेलर ताणून हँगर (डिरेलर धरणारी पट्टी) वाकतो. चेन गेज (चेनची झीज मोजायची पट्टी) असेल तर तपासा, त्याची ०.७५ ची बाजू चेनमधे पूर्ण खाली बसत असेल तर नवीनच टाका, नव्या कॅसेटवर झिजलेली चेन घसरते. क्रँक बदलून ४६/३० करता येतं, ३०/३४ ला तुमचा कॅडन्स ६९ पर्यंत जाईल, पण क्लॅरिसवर एवढा खर्च कोणी करू नये असं माझं मत. ८ स्पीडची कॅसेट त्या मानाने स्वस्त, आणि ८ स्पीडला एमटीबीची (माउंटन बाईकची) कॅसेट पण बसते, फ्रीहब (कॅसेट बसते तो चाकाचा भाग) तोच.

खडीचा_रस्ता:
सगळ्यांचे आभार, एवढं दुकानात कोणी समजावलं नसतं. आत्ताच टॉर्च मारून बघितलं, जीएस आहे, कागदात पण ३२ बसते. मग ११-३२ आणि नवी चेन ठरलं, ३४ नको, लातूरकरांच्या वाऱ्याची भीती आहेच. ग्रीसभाऊ, बी स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून जवळ-दूर करणारा) पण फिरवावा लागेल का?

ग्रीसचे_हात:
हो, वरची जॉकी व्हील (डिरेलरमधली छोटी चकती) ३२ च्या दातरीला घासायला नको, पुढे ३४ मागे ३२ वर ठेवून पेडल उलटं फिरवा, खरखर थांबेपर्यंत स्क्रू आत घ्या. जास्त आत गेला की छोट्या दातऱ्यांवर शिफ्टिंग आळशी होतं. आणि हे स्टँडवर करा, घरासमोर सायकल उलटी करून नको.