इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मधेच १ पान घातलं आणि पुढची सगळी जोडपानं विस्कटली

ग्रंथमित्र:
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयाची स्मरणिका लावतोय, आतली ३२ पानं, कव्हर वेगळं, मधे पिन मारणार. सगळं लागलं होतं आणि काल एक फुलपेज जाहिरात आली, म्हणून ६ नंतर इन्सर्ट पेजेसमधून १ पान घातलं तर पुढची सगळी डावी पानं उजवीकडे गेली, १६-१७ वर जुन्या इमारतीचा आडवा फोटो होता तो पण विस्कटला. शिवाय २४ वर संपणाऱ्या लेखाचं मॅटर वाढलंय, चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह येतंय. परवा प्रेसला फाइल द्यायचीय, काय करू?

लेआउटप्रेमी:
अंडू करा, पेजेस पॅनेलमध्ये १६-१७ सिलेक्ट करून राइट क्लिक, 'अलाउ सिलेक्टेड स्प्रेड टू शफल'ची टिक काढा. मग जोडी सुटत नाही.

जुना डीटीपीवाला:
स्क्रीनवर नाही सुटणार हो, पण छापताना सुटणारच. १ पान घातलं की फोटो १७-१८ वर जातो आणि १७-१८ म्हणजे एकाच कागदाची पाठपोट, समोरासमोर येतील कशी? पिनिंगला पानं ४ च्या पटीतच लागतात, तेव्हा सरळ ३६ करा. ६ नंतर २ घाला, जाहिरात ७ वर म्हणजे उजव्या पानावर येते, जाहिरातदारालाही तेच आवडतं. मग लेखाच्या शेवटी, तो आता २६ वर गेलेला असेल, तिथे २ घाला. फोटो १८-१९ वर येतो आणि ३६ पानांत अगदी मधलं पान तेच, अख्खा सलग कागद. चारही फोटोच्या अलीकडे घातलीत तर तो २०-२१ वर, दोन वेगळ्या कागदांवर जातो, घडी जराशी हलली तरी खिडक्या वरखाली दिसतात.
लाल चिन्हावर क्लिक केलं की मॅटर कर्सरला लागतं, ते नव्या पानावर सोडा, पण शिफ्ट दाबू नका, शिफ्टने ऑटोफ्लो होतो आणि मॅटर संपेपर्यंत पुढच्या पानांवर ओतलं जातं.

ग्रंथमित्र:
झालं दादा, फोटो बरोबर मधे आला! ८ वर देणगीदारांची यादी टाकतोय, ती जागेअभावी राहिलीच होती, मनाला लागून होतं. खूप आभार.

शाईपेपर:
अनुक्रमणिका हाताने टाइप केली असेल तर आकडे बदला, जुन्या ७ ते २४ मध्ये २ मिळवा आणि २५ पासून पुढे ४. आणि प्रेसला आजच फोन करून ३६ पानं सांगा, कागद त्या हिशोबाने काढतात.