छतावरचे खडबडीत दाणे : खरवडू की झाकू? (जरा लवकर सांगा)

उंबरठा
नमस्कार मंडळी. घर घेतलंय, जुनं आहे. सगळ्या खोल्यांच्या छतावर ते पांढरे दाणे आहेत आणि हॉलच्या एका भिंतीवर लाटालाटांचं खडबडीत काम. कोळिष्टकं अडकतात, झाडू लागला की भुगा पडतो. ओळखीतला एक माणूस शनिवारी येऊन एका दिवसात सगळं खरवडून देतो म्हणतोय. सामान १ तारखेला येणार. खरवडावं की वरून काही लावून झाकावं, एवढंच सांगा.

लांबीवाला
खरवडायच्या भानगडीत पडूच नका. पीओपीचं फॉल्स सीलिंग, कडेने एलईडी पट्टी. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये केलंय, आलेला पाहुणा चपला काढायच्या आधी वर बघतो. भिंतीला लांबीचे दोन हात, पॉलिश पेपर, प्रायमर. विषय संपला.

दोनओळी
घर कोथरूडला की कॅलिफोर्नियाला? जुनं म्हणजे किती सालचं?
दाण्यांवर रंग मारलाय का? वर स्लॅब की लाकूड?

सुगरण_सुमन
कोळिष्टकांसाठी लांब काठीला जुना पंचा गुंडाळून त्यावर नीलगिरीचे चार थेंब टाका. महिन्यातून एकदा छतावरून फिरवा, कोळी फिरकत नाहीत.

उंबरठा
अरे हो, राहिलंच. न्यू जर्सी. १९७२चं घर. रंगाचं माहीत नाही, पांढरंच आहे. पण सालाचा काय संबंध? @लांबीवाला, इथे छत आठ फुटांवर आहे. फॉल्स सीलिंग केलं तर यजमानांचं डोकं पंख्याला लागेल.

एडिसनकर
सालाचाच तर संबंध आहे. शनिवार रद्द करा.

अमेरिकेत त्या काळच्या पॉपकॉर्न सीलिंगमध्ये, म्हणजे तुमच्या त्या दाण्यांमध्ये, बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. सजावटीसाठी ते फवारायला ईपीएने (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने) १९७८ मध्ये बंदी घातली, पण गोदामात पडलेला माल नंतरही वापरला गेला. त्यामुळे ८०-८१चं घर असतं तरी मी हेच सांगितलं असतं. हलवलं नाही तर ते सहसा त्रास देत नाही. कोरडं खरवडलं की त्याचे बारीक तंतू हवेत जातात, आणि फुफ्फुसाचे आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. आणि झाडू, पंचा, नीलगिरी काहीही आता वर लावू नका. पडलेला भुगा साध्या व्हॅक्यूमने ओढू नका, तो मागून बारीक धूळ परत खोलीत सोडतो. ओल्या फडक्याने टिपून फडकं पिशवीत बांधून टाका.

आधी तपासणी. प्रशिक्षित माणसाकडून नमुने घेतलेले उत्तम. आमच्याकडे आलेल्याने हीटिंग बंद केलं, खाली प्लास्टिक अंथरलं, साबणाच्या पाण्याने छत भिजवलं आणि तीन वेगवेगळ्या जागांहून चमचा-चमचा माल झिपच्या पिशव्यांत भरून प्रत्येकीवर खोलीचं नाव लिहिलं. आठवड्याच्या आत निकाल. एक टक्क्यापेक्षा जास्त निघालं तर नियमाने ते अ‍ॅस्बेस्टॉसचं सामान धरतात. भिंतीचाही नमुना द्या. जुन्या जॉइंट कंपाउंडमध्येही (भिंतीचे सांधे भरायच्या लांबीतही) ते घालत. त्यावर बंदी १९७७ची.

बारामतीचा_बंड्या
झालं, अमेरिकेतली माणसं भुग्याला घाबरायला लागली. आमच्या आजोळी गोठ्यापासून पडवीपर्यंत सगळे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे. त्यावरून पतंग काढत लहानाचे मोठे झालो. आजोबा नव्वदीपर्यंत शेतात जायचे. उगाच बाऊ.

एडिसनकर
बंडोपंत, आजोबांना नमस्कार. पत्र्यात तंतू सिमेंटने आवळून धरलेले असतात. हे दाणे चिमटीत धरले तरी चुरतात. आणि ते पत्रे कापणाऱ्या-भोकं पाडणाऱ्या माणसांचं काय झालं, हे कुणी विचारायला गेलं होतं का?

बारामतीचा_बंड्या
पत्रे अजून दुकानात मिळतात म्हटलं. वाईट असते तर मिळाले असते का?

दोनओळी
तंबाखूही मिळते.
पुढे चला.

लेस्टरची_लीना
इंग्लंडातही हाच घोळ, फक्त इथे त्याला आर्टेक्स म्हणतात. आमच्या जिन्याच्या छतावर पंख्यासारखी नक्षी आहे. पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस निघालं म्हणून काढलं नाही, वरून प्लास्टर करून घेतलं. प्लास्टर करणारा जातिवंत कारागीर होता, इतकी गुळगुळीत भिंत मी आयुष्यात पाहिली नव्हती. हल्ली असे लोक मिळत नाहीत, सगळे ऑस्ट्रेलियाला गेले.

ओला_गडी
तपासणीत काही नाही निघालं तर खरवडणं सगळ्यात स्वस्त. पंपाने पाणी मारायचं, पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, रुंद पत्तीने ओढायचं. लापशीसारखं सुटून येतं. मी स्वतः तीन खोल्या केल्यात. झाकाझाकी म्हणजे दुप्पट खर्च आणि घाण आतच.

एडिसनकर
दाण्यांवर ऑइल पेंट असेल तर पाणी मुरतच नाही. मग लापशी नाही, खडे पडतात, आणि पत्तीचा कोपरा ड्रायवॉलच्या (छताच्या जिप्समच्या पाट्यांच्या) कागदात घुसतो. ते खड्डे भरण्यात तुमची सगळी बचत गेली. झाकणंच बरं.

ओला_गडी
पत्तीचे कोपरे कानशीने गोल करून घ्यायचे असतात साहेब. ते केलं नाही तर खड्डे पडणारच.

लांबीवाला
भारतात असता तर एव्हाना रंग वाळला असता. हलके घ्या.

उंबरठा
निकाल आला. छताच्या तिन्ही नमुन्यांत क्रायसोटाइल (म्हणजे लीनाताईंचं ते पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस), २ ते ३ टक्के. भिंतीत काही नाही. शनिवारवाल्या माणसाला रिपोर्ट दाखवला तर म्हणाला, "मास्क घालून करतो की." नको म्हटलं. लायसन्स असलेल्या कंपनीने काढायचा जो आकडा सांगितला त्यात आमचं स्वयंपाकघर नवं झालं असतं. म्हणजे आता झाकायचंच. वरून ड्रायवॉल ठोकू का? पाव इंची चालेल?

एडिसनकर
पाव इंची दोन तुळयांच्या मध्ये झोळ खाते. अर्धा इंची घ्या. तुळया बहुधा १६ इंचांवर असतील, पण मोजून खुणा करा. दाणे आणि जुना थर ओलांडून लाकडात नीट बसेल एवढा लांब स्क्रू हवा. दिव्यांच्या डब्यांना एक्स्टेंडर लागतील, नाहीतर डबे आत राहतात. पण स्क्रू मारतानाही तो माल हलतोच, म्हणून हे कामही अ‍ॅस्बेस्टॉसची माहिती असलेल्याकडूनच करून घ्या आणि राज्याचे नियम आधी विचारा. रिपोर्ट जपून ठेवा, घर विकताना सांगावं लागेल. भिंत साफ निघाली आहे, तिथे लांबीवाल्यांचे दोन हात खुशाल चालवा.

लांबीवाला
शेवटी आलात ना लांबीवर!

तारतंत्री
मूक वाचक आहे, पण स्क्रू म्हटल्यावर राहवलं नाही. मी इलेक्ट्रिशियन. घर तापतं कशाने? डक्ट (गरम हवेचे नळ), बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी लावलेले हीटर) की काय? आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर वेगळा थर्मोस्टॅट आहे का?

उंबरठा
डक्ट आहेत, पण नंतर घातल्यासारखे दिसतात. बेसबोर्ड नाहीत. थर्मोस्टॅट हॉलमध्ये एक चालू, आणि हो, प्रत्येक खोलीत दाराजवळ एक जुनी पिवळट चकती आहे. फिरवून काही होत नाही. रंगवून टाकणार होतो.

तारतंत्री
थांबा. साठ-सत्तरच्या दशकातल्या काही घरांत विजेच्या हीटिंगच्या तारा छतातच गाडलेल्या असतात. जवळजवळ घातलेल्या, नागमोडी, खोलीभर. स्क्रू त्यातून जाणारच. त्या बंद पडल्या आहेत की नुसत्या विसरल्या आहेत, ते चकती फिरवून कळत नाही. विजेचं पॅनेल उघडून दारावरची यादी वाचा, जिवंत ब्रेकर कुठले ते इथे टाका. स्वतः काही उचकटू नका. त्या तारा पॅनेलपासून सोडवल्याशिवाय छताला एकही स्क्रू नको.

सुगरण_सुमन
बाई गं! मी तर पंचा फिरवायला सांगत होते.

उंबरठा
पॅनेलच्या दारावर पेन्सिलने "सीएल हीट" असं सहा ठिकाणी लिहिलंय. सीएल म्हणजे सीलिंगच ना? त्यातले चार ब्रेकर चालू आहेत. @तारतंत्री, आहात का?