इंग्लंडमधील जुने घर: नवा गॅस बॉयलर घ्यावा की हीट पंप?

प्रश्न
लीड्समधील आमचे जोडघर १९३० च्या दशकातले आहे. जुना कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही देणारा) आता बदलावा लागेल. वर्षाला सुमारे १२,००० युनिट (किलोवॉट-तास) गॅस लागतो. हीट पंपासाठी (बाहेरच्या हवेतील उष्णता विजेवर घरात आणणारे यंत्र) सरकारी योजनेतून ७,५०० पौंड मिळतात, परंतु घर पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने 'जुन्या घरात हीट पंप चालत नाही' असे सांगून नवा बॉयलर सुचवला. प्रदूषण कमी व्हावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. मात्र वयस्कर सासूबाईंना गारठा सोसणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
घराच्या वयावरून हे ठरत नाही. भिंती, खिडक्या आणि छतातून किती उष्णता बाहेर जाते आणि कमी तापमानाच्या पाण्यावर रेडिएटर तेवढी भरून काढू शकतात का, यावर ते ठरते. याची परीक्षा घरीच करता येईल. कडक थंडीच्या दिवसांत बॉयलरवरून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान ५० अंशांवर आणा आणि हीटिंग दिवसभर चालू ठेवा. खोल्या २० अंशांपर्यंत तापल्या, तर आहेत त्याच रेडिएटरवर हीट पंप चालेल. (ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी टाकीचे तापमान मात्र ६० अंशांखाली आणू नये, कारण त्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात.)

या बदलाने गॅसही आजपासूनच वाचेल. रेडिएटरमधून परतणारे पाणी ५५ अंशांपेक्षा थंड असेल तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातील वाफेची उष्णता परत मिळवतो. अनेक घरांत तो ७०-८० अंशांवर लावून दिलेला असतो आणि ती उष्णता धुराबरोबर निघून जाते. सासूबाईंच्या दृष्टीनेही, सकाळ-संध्याकाळ भडका आणि मधल्या वेळी गारठा यापेक्षा मंद, अखंड ऊब केव्हाही चांगली.

प्रतिसाद २
हिशेब मांडतो. गॅसच्या एका युनिटमागे सुमारे ०.१८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या घराचा वर्षाला दोन टनांहून थोडा अधिक. बॉयलर ९० टक्के कार्यक्षम धरला तर घराला १०,८०० युनिट उष्णता मिळते. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो, त्यामुळे एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता धरल्यास ३,६०० युनिट वीज पुरेल. ब्रिटनमधील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ अखेर बंद झाले. विजेच्या युनिटमागे सुमारे ०.२ किलो धरले तरी उत्सर्जन पाऊण टनापाशी येते.

खर्चाचे गणित मात्र इतके सरळ नाही. विजेचे युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग असल्यामुळे, एका युनिटमागे सुमारे ३.६ युनिट उष्णता मिळाली तरच बिल आजच्याइतके राहील. पाणी जितके कमी तापवावे लागेल तितके हे प्रमाण सुधारते, म्हणून वरची परीक्षा खिशासाठीही महत्त्वाची आहे.

प्रतिसाद ३
त्याआधी माळ्यावर डोकावून पाहा. तेथे उष्णता अडवणाऱ्या खनिज लोकरीचा (मिनरल वूल) २७० मिलिमीटर थर असावा अशी शिफारस आहे. जुन्या घरांत तो बरेचदा याच्या निम्माही नसतो. फटी बुजवताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातील वायुवीजन बंद करू नका, नाहीतर भिंतींवर बुरशी धरेल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. ५० अंशांवर दिवाणखाना २० अंश राहिला, परंतु उत्तरेकडील सासूबाईंची खोली १७ च्या वर गेली नाही.

प्रतिसाद १
मग त्या खोलीत एकपदरीऐवजी दुपदरी रेडिएटर बसवून घ्या, आणि खोलीनिहाय उष्णताहानीचे गणित लेखी देणाऱ्याकडूनच हीट पंपाचा अंदाजखर्च मागवा.